यांच्या वडिलांचा दाखला

कागदाचं काम बायकांना जमत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मला जमलं. जरा जास्तच जमलं.

गोष्ट निजामाच्या राज्यातली, मोठी लढाई चालू होती त्या वर्षांतली. सासरे चैत्रात लिंगैक्य झाले. सोनारीच्या वाटेवरचं अकरा एकर रान आणि राहतं घर त्यांच्या नावावर. भावकीत वाटणी कधी झालीच नव्हती. महिना उलटला नाही तोच यांचे चुलतभाऊ पंचाक्षरी यांनी तालुक्याच्या कचेरीत अर्ज दिला, की काकांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा वारस पुतण्या, म्हणजे आपणच.

मूलबाळ नव्हतं? मग सोळा वर्षं मी भाकऱ्या वाढत होते त्या कोणाला?

हे आस मोडलेल्या गाडीसारखे ओट्यावर बसून राहिले. मी म्हटलं, "तुम्ही काळजी करू नका. सरकारी कागदात सगळं असतं. दोन सोमवारांत आणते."

आणि आणलं. पटवाऱ्यानं पेटी उघडली तेव्हा आत उंदरीनं बाळंतपण उरकलेलं होतं, पण त्याखाली जुन्या शिरगणतीचे कागद शाबूत होते. त्यातून सासऱ्यांचे, म्हणजे गुरुसिद्धप्पांचे, वडील बसप्पा निघाले, बसप्पांचे वडील निघाले, त्यांचेही निघाले. खापरपणज्यापर्यंत सगळे रांगेत उभे राहिले. मग मी यांच्यासाठी तीन नकला घेतल्या. पाटलाकडून जन्माची नोंद, त्याच पेटीतून हे वर्षाचे असतानाच्या शिरगणतीची नोंद आणि ईट गावच्या शाळेचा दाखला. तिन्ही उर्दूत. मला पोथी वाचता येते, उर्दू येत नाही. आणि हे शाळेत गेले ते एका पावसाळ्यापुरते. पण मी प्रत्येकाला विचारलं होतं, "यांचीच नोंद आहे ना?" प्रत्येकानं सांगितलं, "व्हय बाई, ह्यांचीच."

मी तिन्ही नकलांवर बेलाचं पान ठेवलं, नमस्कार केला आणि त्या स्वतःच्या हातानं कचेरीत दाखल केल्या.

तारखेच्या दिवशी पेशकारानं, म्हणजे साहेबांच्या कारकुनानं, पहिली नकल वाचली. "जन्माची नोंद. मुलगा. बापाचं नाव बिरू धनगर, आई म्हाळसाबाई."

मला वाटलं, कागद बदलला.

"मर्दुमशुमारी, म्हणजे शिरगणती. गुरुसिद्धप्पा वल्द बसप्पा यांचं घर. माणसं दोन, मूल नाही. शेजारचं घर बिरू धनगर. माणसं पाच, त्यात एक वर्षाचा मुलगा." पुढं त्यानं यांचं नाव वाचलं, अगदी स्पष्ट.

तिसऱ्या कागदाला मी डोळे मिटले. शाळेच्या दाखल्यातही वडील बिरूच होते. खापरपणजे सापडले होते, नवरा मात्र हरवला होता.

तहसीलदारसाहेबांनी विचारलं, "ये कागज किसने दाखिल किये?"

"इसी बाई ने, हुजूर."

पंचाक्षरी माझ्याकडं वाकून हळूच म्हणाले, "वहिनी, म्या वकील लावणार हुतो. तुमी तसदी वाचवली."

झालं होतं असं. यांच्या आधी सासूबाईंची चार मुलं गेली. पाचवं झालं तेव्हा बाराव्या दिवशी त्यांनी ते सुपात घातलं आणि शेजारच्या म्हाळसाबाईला पसाभर जोंधळ्यावर विकलं. मूल घरातच राहिलं, दूधही घरचंच प्यालं, पण पोर म्हाळसाबाईचं. मृत्यू आला तर त्याला पत्ता लागू नये म्हणून. हे मला ठाऊक होतं. असं पुष्कळ घरी करतात आणि पोराला मिसरूड फुटली की विसरतात. सासूबाई विसरल्या नाहीत. पाटलानं विचारलं, त्याला तेच सांगितलं. शिरगणतीवाला दारात आला, त्याला तेच. शाळेत पंतोजींना तेच. त्यांना सरकारला फसवायचं नव्हतं, यमाला फसवायचं होतं. सरकार उगाच मध्ये सापडलं. बिरू आणि म्हाळसाबाई प्लेगात गेली होती, त्यांना विचारण्याचीही सोय नव्हती.

साहेब म्हणाले, गावची तोंडी साक्ष कागदापुढं टिकत नाही. सख्खी आई समोर येऊन बोलली तर ऐकू. पंधरा दिवसांची मुदत दिली.

मी रोज सासूबाईंचे पाय चेपत एकच विनवणी करत होते. "अत्याबाई, एकदाच म्हणायचं, माझा मुलगा आहे. पुढं कधी म्हणू नका."

"न्हाय जमायचं गं."

"रान जाईल. हे घर जाईल."

"जाऊ दे. चार येळा म्या 'माझं' म्हणलं. चारी येळा ह्या गोठ्यामागं खड्डा खणला."

"आता ते त्रेचाळीस वर्षांचे आहेत, अत्याबाई. मिशा पिकल्या त्यांच्या."

"यमाला वय कळतंय व्हय?"

बाहेरून यांचा आवाज आला, "राहू दे. काकीला छळू नको."

जन्मदात्या आईला हे जन्मभर काकीच म्हणत आले होते. मी पाय चेपायची थांबले.

तरीही तारखेला त्यांना गाडीत घालून नेलं. समोर उभं केल्यावर त्यांच्या तोंडून आपसूक खरंच येईल, अशी माझी खात्री होती. पेशकारानं यांच्याकडं बोट करून विचारलं, "बाई, हा तुमचा कोण?"

सासूबाईंनी यांना डोक्यापासून पायापर्यंत पाहून घेतलं.

"शेजाऱ्याचा हाय, साहेब. बिरूचा." आणि कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाल्या, "लई गुणाचं पोर हाय."

साहेबांनी सही केली. रान गेलं, घर गेलं. परतताना गाडीत एकट्या सासूबाईच सुखात होत्या. दर थोड्या वेळानं यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहत होत्या. नव्हता.

ईटला ओळखीच्या एकांच्या पडवीत आम्ही बिऱ्हाड मांडलं. पहिल्या सकाळी मी पूजेला बसले. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, म्हणून लग्न झाल्यापासून मी देवापुढं यांच्यासाठी मागते ते असं पुटपुटत मागते: सासूबाईंच्या पोटच्या मुलाला सांभाळ.

वाक्य अर्धं तोंडातून गेलं आणि जीभ थांबली.

सोळा वर्षं रोज सकाळी, एकही खाडा न करता, मी हे बोलत आले होते. ज्या यमाला कळू द्यायचं नव्हतं त्याला पत्ता कधीच कळलेला होता, आणि यांना साधा खोकलासुद्धा झाला नव्हता. हे पंधरा दिवस आधी ध्यानात आलं असतं तर सासूबाईंना पटवता आलं असतं. कदाचित.

त्या शेजारीच बसून कपाळाला विभूती लावत होत्या. "का गं थांबलीस?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि राहिलेलं मनातल्या मनात पुरं केलं.

यांनाही अजून सांगितलेलं नाही. रान गेलं ते गेलं. निदान बायको हुशार आहे, एवढा तरी त्यांचा समज राहू दे.