कर्नल तिसऱ्यांदा मेला

माधव सबनीस परळच्या एका ज्युनियर कॉलेजात बावीस वर्षं गणित शिकवत होता आणि या बावीस वर्षांत स्टाफरूममध्ये त्याने आपणहून कधी हात वर केला नव्हता. पण २०१४ सालच्या दिवाळीनंतर प्रिन्सिपॉलबाईंनी विचारलं, "बारावीच्या मुलांना कॉम्प्युटरवर मॅट्रिक्स कोण करून दाखवणार?" आणि नेमक्या त्याच क्षणी माधवच्या बोटांना चहाचा कप चटका देऊन गेला. हात झटकला तो वरच गेला.

"वा, सबनीस सर! शनिवारी ठेवू या."

हात कशाने वर गेला हे सांगायचा धीर असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. माधव म्हणाला, "ठेवू या."

कॉम्प्युटर शिकवणाऱ्या मृणालिनी गुप्ते मॅडमनी त्याला गणिताचं एक सॉफ्टवेअर सुचवलं. म्हणाल्या, "ओपन सोर्स आहे सर. जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, सगळ्यांना खुलं." (माधवला भोईवाड्यातल्या त्याच्या चाळीच्या नळाची आठवण झाली. तोही सगळ्यांचा होता आणि बिघडला की कुणाचाच नसायचा.)

शुक्रवारी रजा टाकून माधव लॅपटॉप घेऊन बसला. बायको ललिता पोस्टात नोकरीला. निघताना दारातून म्हणाली, "अहो, जे काय करायचं ते त्या डब्यात करा. घरातल्या कशाला हात लावू नका."

सॉफ्टवेअर बसलं. दोन अधिक दोन चार आले. माधवला हुरूप आला. त्याने एक भलंमोठं मॅट्रिक्स मागितलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एक चकती गरगर फिरू लागली, लॅपटॉप तव्यासारखा तापला, आतल्या पंख्याने घरघर लावली आणि मग इंग्रजीत पाटी आली, की कर्नल मेला आहे, तो आपोआप पुन्हा सुरू होईल.

कर्नल म्हणजे त्या सॉफ्टवेअरच्या पोटातलं इंजिन. सगळी आकडेमोड तो करतो. माधवने पुन्हा बटण दाबलं. कर्नल पुन्हा मेला. तिसऱ्यांदा मेल्यावर माधवने मॅडमना फोन लावला. घरात धड रेंज नसायची, म्हणून तो गॅलरीत उभा राहून बोलायचा. आणि वर्गाची सवय, त्यामुळे शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं बोलायचा.

आता या चाळीत तळमजल्यावर आणखी एक कर्नल राहत होता, ही गोष्ट माधवला माहीत नव्हती असं नाही. भिवा तोडणकर त्याचं नाव. गिरणीच्या गेटवर हेड वॉचमन होता. झुबकेदार मिशा आणि खडखडणारे बूट, म्हणून कामगारांनी त्याला कर्नल केला. गिरणी संपात बंद पडली ती पडली, जागेवर टॉवर उभा राहिला, पण हुद्दा टिकला. वय सत्त्याहत्तर, एकटा जीव. त्या दिवशी त्याच्या दाराला कुलूप होतं.

"मॅडम, कर्नल मेला हो!" माधव गॅलरीतून ओरडला. "हो, आत्ताच... सकाळपासून तापला होता. मग घरघर लागली आणि एकदम गप्पच... नाही हो, मी काही केलं नाही! मी नुसतं बोट लावलं!"

शेजारच्या दारात सुंदराबाई लसूण सोलत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्या उठल्या. तोवर माधव फोन ठेवून आत लॅपटॉपपुढे बसलाही होता.

"मास्तर, खरं काय हो? कर्नल?"

"मेला," माधव पडद्यावरची नजर न काढता म्हणाला.

"अहो, मेला काय म्हणता? वयाचा तरी मान ठेवा. गेले म्हणावं."

"बरं, गेले."

"असं अचानक कशानं?"

"मेमरी संपली. मॅडम म्हणाल्या, मेमरी संपली की असंच होतं."

"विसरायला लागलेच होते ते," सुंदराबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "परवा मला दोनदा नाव विचारलं. मग आता कधी काढायचं?"

"आत्ताच काढतो. जुना काढल्याशिवाय नवा बसत नाही."

हे शेवटचं वाक्य सुंदराबाईंना फार लागलं. माणूस अजून घरात आहे आणि मास्तरांना खोलीत नवा भाडेकरू बसवायची घाई! पण वेळ बोलण्याची नव्हती. त्या तरातरा खाली गेल्या आणि पाव तासात चाळ जागी झाली. कुणी बांबू आणायला पळालं, कुणी मडकं. सुंदराबाईंनी तळमजल्यावरच्या दुकानातून कर्नलच्या बहिणीच्या गावी, कणकवलीकडे, तिथल्या दुकानदाराला फोन लावला. कर्नलच्या दाराला कुलूप कसं, हा प्रश्न कुणीतरी विचारला. त्यावर "मास्तरांच्या घरी गेले, वरच आहेत," असं उत्तर मिळालं आणि ते सगळ्यांना पटलं.

पंधरा-वीस माणसं जिना चढून माधवच्या खोलीत आली तेव्हा तो टेबलाखाली आडवा शिरून प्लग काढत होता. सर्वांत पुढे होता विठोबा पाटकर. साळखात्यातला जुना विणकर. त्याचं आणि कर्नलचं बत्तीस वर्षं बोलणं नव्हतं, हे चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं. संपाच्या पहिल्या आठवड्यात विठोबा गिरणीच्या गेटवर गेला होता. भजनाचा त्याचा पखवाज आत खात्यात राहिला होता. कर्नलने त्याला आत सोडलं नाही. तेव्हापासून एकाच जिन्यावर समोरासमोर आले की विठोबा भिंतीकडे बघायचा.

तोच विठोबा आता टेबलाजवळ मटकन बसला. टेबलाखालून फक्त माधवचे पाय दिसत होते. विठोबाला डोळ्यांनी कमी दिसायचं. त्याने ते पाय धरले आणि हंबरडा फोडला.

"भिवा रे! बत्तीस वर्सां बोलूक नाय मी तुझ्याशी! एका पखवाजापायी! अरे, एकदा तरी हाक मारूची होतंस रे!"

माधव दचकून उठला तो डोकं टेबलावर आपटलं. मेलेला माणूस टेबल उचलतोय हे पाहून मागच्या तिघी बायका किंचाळल्या. नेमक्या त्याच वेळी दारातून आवाज आला, "काय झालं? कोण गेलं?"

ललिता होती. जेवायच्या सुट्टीत घरी आली होती.

"कर्नल गेले गं," सुंदराबाई म्हणाल्या.

"काहीतरीच! मी आत्ता स्वतः शिक्का मारलाय, ते जिवंत आहेत म्हणून!"

आणि तिच्यामागून बूट खडखडवत कर्नल तोडणकर आत आले. पेन्शन पोस्टातून मिळायची. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो द्यायला ते सकाळपासून ललिताच्या खिडकीपुढे रांगेत होते. गर्दी फाकली. कर्नल सरळ चालत विठोबापुढे उभे राहिले. विठोबाचा हंबरडा त्यांनी जिन्यातच ऐकला होता.

"हाक कोणी मारूची होती?" कर्नल गरजले. "दुसऱ्या दिवशी साहेबाची नजर चुकवून पखवाज भायेर काढलंय मी! तुझ्या दारात आणून ठेवलंय! तू काय म्हटलंस? गेटवाल्याच्या हातचा नको. म्हटलंस की नाय?"

विठोबाने नाक पुसलं. "म्हटलंय."

"मग?"

"मग तू परत कित्याक व्हरलंस? थंयच ठेवूचो होतो! मी रात्री उचललो असतो!"

कर्नल तडक खाली गेले. कुलूप काढल्याचा आवाज आला, खाट सरकवल्याचा आला. वर आले तेव्हा त्यांच्या कडेवर, जुन्या गिरणीच्या चादरीत गुंडाळलेला पखवाज होता. एका बाजूचं चामडं फाटलेलं, वाद्या उंदरांनी कुरतडलेल्या. विठोबाने तो मांडीवर घेतला. धड बाजूवर थाप मारली. फद्द असा आवाज आला.

"बिघडवलंस," विठोबा म्हणाला.

"बत्तीस वर्सां बडवूक नाय तर वाजतलो कसो?" कर्नल त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. दोघंही मग मालवणीत इतक्या भरभर भांडू लागले की ललिताने न विचारता चहा टाकला. बांबू आणणाऱ्याने बांबू हळूच गॅलरीत उभे केले.

मग सगळ्यांच्या नजरा माधवकडे वळल्या. कपाळावर टेंगूळ, हातात प्लग. त्याने खुलासा केला. कर्नल म्हणजे हे कर्नल नव्हेत, तो कर्नल. लॅपटॉपमधला. लोकांनी लॅपटॉपकडे पाहिलं, मग माधवकडे. लॅपटॉपबद्दल त्यांच्या नजरेत जास्त आदर होता.

इतक्यात मॅडमचा फोन आला. या वेळी ललितानेच लॅपटॉपसकट गॅलरीत जाऊन घेतला, आणि मॅडम सांगतील तसं पडद्यावरचं वाचून दाखवलं. मग ती आत आली.

"मॅडम विचारतायत, तुम्हाला मॅट्रिक्स केवढं हवं होतं?"

"पन्नास बाय पन्नास."

"तुम्ही पन्नास हजार बाय पन्नास हजार लिहिलंय. पन्नासावर प्रत्येकी तीन शून्यं जास्त आहेत. मॅडम म्हणाल्या, एवढं खायला घातल्यावर कुणीही मरेल."

माधवने सहा शून्यं पुसली. बटण दाबलं. उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत आलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. विठोबा आणि कर्नल पखवाज कुणाकडे मढवायला द्यायचा यावरून अजून भांडत होते.

शनिवारचं प्रात्यक्षिक उत्तम झालं म्हणे. मृणालिनी मॅडमनी केलं. कारण कणकवलीच्या दुकानदाराने उलटा निरोप पोचवेपर्यंत कर्नलची माणसं रात्रीच्या एसटीत बसली होती, आणि त्यांना उतरून घ्यायला कुणी जावं यावर चाळीत चर्चासुद्धा झाली नाही. सकाळी सात वाजता माधव परळच्या डेपोत उभा होता.

सात माणसं उतरली. पुढे कर्नलची धाकटी बहीण सोनूबाई, रडून रडून डोळे सुजलेले. माधवने हात जोडून घाईघाईने सांगितलं, "आजी, रडू नका! कर्नल ठणठणीत आहेत. चहा पीत बसलेत."

सोनूबाईंनी त्याला खालून वर न्याहाळलं. "मगे मेलो कोण?"

बावीस वर्षं माधव ढ मुलांना अवघड गोष्टी सोप्या करून सांगत आला होता. त्याने दीर्घ श्वास घेतला. "त्याचं असं आहे आजी, की एक मॅट्रिक्स होतं. आडव्या ओळी पन्नास हजार, उभ्या पन्नास हजार. ते कर्नलला झेपलं नाही..."

सोनूबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. कपाळावरचं टेंगूळ पाहिलं. मग त्यांनी माधवच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि पुतण्याला म्हणाल्या, "ह्येका आधी पाणी दी रे. बिचाऱ्याच्या घरातला कोणतरी जवळचा गेलेला दिसता."