न दिसलेल्या सामन्याचे प्रेक्षक

रविवारी दुपारी चार वाजता नासिरनं आपल्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं ओढलं, ड्रॉवर उघडला आणि गिऱ्हाइकांचे एकेचाळीस फोन काउंटरवर ओळीनं मांडले. मग एकेका फोनवरून तो एकाच नंबरला मिस्ड कॉल देऊ लागला. पंखा चालू होता, तरी त्याच्या कपाळावर घाम होता.

नासिर लबाड नव्हता, हीच खरी अडचण होती. लबाड माणसाला निदान सराव असतो. जळकोटच्या बसस्टँडसमोर अशी तीन दुकानं आहेत, पण बायका आपला फोन फक्त नासिरकडेच टाकतात. फोन उघडायची खूण चिठ्ठीवर काढून मागे चिकटवतात आणि निर्धास्त बाजाराला जातात. तो कुणाचे फोटो बघत नाही, कुणाला आलेला फोन उचलत नाही. या नावावर त्याचं दुकान चालत होतं, आणि याच नावावर त्याला जिल्ह्याच्या फुटबॉल लीगचा सेक्रेटरी बिनविरोध केलं होतं.

लीग आठ संघांची. खेळाडूंना सामन्यागणिक मानधन, म्हणजे व्यावसायिकच म्हणायची. यंदा उदगीरच्या शंकरप्पांनी आपल्या केबल चॅनलवर सामने दाखवायचे हक्क दोन लाखांना घेतले आणि लीगला पहिल्यांदाच भांडायला काहीतरी मिळालं. अध्यक्ष वैजनाथराव हे लातूरच्या संघाचे मालक. त्यांचं म्हणणं, ज्याचे प्रेक्षक जास्त त्याचा वाटा जास्त, आणि सगळ्यांत कमी प्रेक्षकवाला संघ पुढच्या वर्षी लीगबाहेर. ठराव पास झाला. प्रेक्षक मोजायचे कसे, हे मात्र ठराव मांडणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

तेव्हा नासिरच उठून म्हणाला होता, "सोपं हाय. पडद्यावर दोन्ही संघांचे नंबर दाखवा. बघणारानं आपल्या संघाला मिस्ड कॉल द्यायचा. एका फोनचा एकच."

टाळ्या पडल्या होत्या. आता सहा सामन्यांनंतर जळकोट तळाला होतं, देवणीपेक्षा बरोबर चाळीस कॉलनी मागे. सातवा आणि शेवटचा सामना देवणीशीच होता, आणि ड्रॉवरमध्ये एकेचाळीस चालू फोन होते. गावच्या संघातल्या पोरांनी वर्षभर गाळलेला घाम आठवून नासिरनं आपल्या मनाची समजूत घातली. साडेचारला काम उरकून त्यानं शटर वर केलं आणि संध्याकाळपर्यंत फोन ज्याचे त्याला देऊन टाकले.

सोमवारी सकाळी, आदल्या संध्याकाळीच फोन नेलेला सटवाजी दुकानात आला. "नासिरभाई, हे बघा काय आलंय. 'जळकोट संघाचा सामना पाहिल्याबद्दल धन्यवाद.' माझ्याकडं टीव्हीच न्हाई!"

मिस्ड कॉल मोजणारं मशीन प्रत्येकाला आभाराचा मेसेज धाडतं, हे मशीन सुचवणाऱ्याच्या लक्षातच राहिलं नव्हतं. "व्हायरस हाय," तो म्हणाला. "नवीन आलाय."

"तरीच!" सटवाजीला मोठा धीर आला.

त्याच्यामागे नीलम्मा उभी होती, बाजारात मिरच्या विकणारी. "मला बी आलंय, शेजारणीनं वाचून दाखवलं. मी तर दिसभर मिरच्या इकून राहिले व्हते. फोन कुणी लावला रं लेकरा?"

तिनं विचारलं तेव्हा दुकानात दुसरं कुणी नव्हतं. सटवाजी निघून गेला होता. खरं बोलायला याहून बरी वेळ मिळणार नव्हती. नासिरनं तिचा फोन घेतला, फडक्यानं पुसला, दोन-चार ठिकाणी उगाच बोट दाबलं आणि परत दिला.

"व्हायरसच व्हता अम्मा. काढला."

"निघाला म्हणतोस?"

"निघाला."

नीलम्मानं त्याच्याकडं क्षणभर बघितलं, फोन पदराच्या टोकाला बांधला आणि गेली.

दुपारपर्यंत सटवाजीनं गावभर सांगितलं की फोनाला फुटबॉलचा रोग आलाय आणि नासिरभाई तो काढून देतात. ज्यांना मेसेज आला नव्हता तेही फोन घेऊन रांगेत उभे राहिले. शेजारच्या दुकानदारानंही आपला फोन तपासून घेतला. नासिर मान खाली घालून फोन पुसत राहिला. कुणीतरी एकानं 'तूच केलंस' म्हणून गचांडी धरावी असं त्याला फार वाटत होतं, पण लोक त्याला चहा पाजत होते.

रात्री जेवताना त्याची बायको जाहिदा सहज म्हणाली, "काल म्याच लावली व्हती, पण काईच दिसलं न्हाई. साडेतीनला जेसीबीनं केबल तोडली म्हणे. सगळीकडंच बंद व्हतं."

नासिरचा घास हातातच राहिला. दुकानात टीव्ही नव्हता. त्यानं वेळापत्रकातली चारची वेळ बघून कॉल दिले होते. मग त्यानं बायकोला सगळं सांगितलं.

"या अल्लाह," जाहिदा म्हणाली. "म्हणजे जी म्याच कुणालाच दिसली न्हाई, ती तुमच्या एकेचाळीस लोकांनी बघितली?"

"हाव."

"उद्या लातूरला मीटिंग हाय ना? उभं राहून सांगून टाका. मला बाजारात तोंड दाखवायचंय."

मीटिंगला शंकरप्पांनी कागद उघडला. "अजब झालंय. शेवटचा सामना आपण दाखवलाच न्हाई. देवणीला शून्य कॉल. जळकोटला एकेचाळीस. जळकोट एका कॉलनं वाचलंय."

सगळ्यांनी नासिरकडं बघितलं. तो उठला. "ते कॉल मी दिले. गिऱ्हाइकांच्या फोनवरून. नियम मीच सुचवला आणि मीच मोडला. मला काढून टाका."

वैजनाथरावांनी चष्मा काढला.

"नासिरभाई," ते हळूच म्हणाले, "कुणाला वाचवून राहिलात?"

"कुणाला न्हाई! मीच—"

"तुमच्या पोरांनी केलं असंल. तुम्ही अंगावर घेऊन राहिलात. आम्हाला काय तुम्ही म्हाईत न्हाई?" वैजनाथराव चष्मा पुसू लागले. "असा माणूस लीगमधी पायजे. बसा."

नासिरनं शपथ घेतली. शपथेनं तर त्यांची खात्रीच पटली. मशीन बिघडलं असं कागदावर लिहून जळकोट आणि देवणी दोघांनाही लीगमध्ये ठेवलं, आणि असा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून प्रेक्षक मोजायच्या समितीचा अध्यक्ष म्हणून नासिरचंच नाव एकमतानं पुढं आलं. देवणीच्या माणसानं त्याच्या गळ्यात हार घातला. परतताना उदगीरच्या बसमध्ये बसल्यावर नासिरनं तो काढून पिशवीत खोल दाबला. त्याला आपली एवढी लाज आजवर कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानाबाहेर पुठ्ठा लटकवला. 'रविवारी तुमच्या फोनवरून मीच कॉल केले. व्हायरस नव्हता. माफ करा. नासिर.' लोक वाचत, हसत आणि आत येऊन फोन टाकत. "नासिरभाई, तुमी पण ना," सटवाजी म्हणाला. "फोनाचा आळ बी सोताच्या अंगावर घ्याया लागले!"

अकराच्या सुमारास नीलम्मा आली. फोनचं चार्जिंग होत नव्हतं. पुठ्ठा तिनं सटवाजीकडून वाचून घेतला आणि तो जाईपर्यंत थांबली.

"हे खरं हाय?"

"हाव अम्मा. खरं हाय." "तुमी तरी इश्वास ठेवा."

"ठेवला की. मला ठावंच व्हतं. रविवारी माझा फोन तुझ्या ड्रावरात व्हता. तुझ्याबिगर कोण लावणार? म्हणूनच सोमवारी इचाराया आले व्हते."

नासिरला वर बघवेना. "मग तवाच का न्हाई बोलला?"

"तू बोलशील म्हणून थांबले. तू फोन पुसून दिलास."

नासिरनं हात पुढं केला. "द्या अम्मा. चार्जिंगचं बघतो. पैसे नको."

"नगं," नीलम्मा शांतपणे म्हणाली आणि फोन पदरात बांधला. "उदगीरला नेते."

ती रस्ता ओलांडून स्टँडवर जाऊन उभी राहिली. दुकानात सात-आठ जण आपापल्या फोनमागं चिठ्ठ्या चिकटवत होते. नासिर मात्र समोर बघत होता. बस यायला पाऊण तास लागला. तेवढ्या वेळात नीलम्मानं एकदाही मान वळवली नाही.