तळ्याकडे दार

दोन महिन्यांच्या प्रवासात गाडीचं दार एकदाही धड दिशेला उघडलं नव्हतं. गाडी म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. आत दोन पलंग, शेगडी, मोरी आणि एकच दार, तेही डाव्या अंगाला. मुक्काम बदलला की ते कधी भिंतीसमोर यायचं, कधी कचराकुंडीसमोर. फिरत्या गाड्यांच्या या तळावर ते थेट संडासांसमोर आलं, तेव्हा बायकोने चहा गाळता गाळता शांतपणे सांगितलं, "आज दार तळ्याकडे झालं तर ठीक. नाहीतर दुपारच्या बसने मी लेकीकडे चालले. पुढचं जग तुम्ही एकटे बघा."

नवरा जन्मभर बांधकामांवर सुपरवायझर होता. पायाखालची जमीन जराही कलती असली की त्याला घास उतरत नसे. त्यामुळे कुठेही गाडी लावताना दार कुठे येतंय हे तो बघतच नसे. त्याने स्टिअरिंगसमोर चक्क गवंड्याची, सपाटी दाखवणारी स्पिरिट लेव्हल चिकटवली होती. नळीतला बुडबुडा मधोमध आला की हँडब्रेक, मग समोर काही का असेना.

तळ्याकाठची एक जागा रिकामी होती. मात्र दार पाण्याकडे यायचं तर गाडी रिव्हर्समध्ये घालावी लागणार होती. भांडी बांधा, दोरीवरचे ओले कपडे काढा, पाइप गुंडाळा, यात निम्मी सकाळ गेली आणि दोघांचीही डोकी तापली.

"मी मागे उभी राहते. सांगेन तसे या," बायको म्हणाली.

"मध्येच कोणाशी बोलत बसू नकोस."

"मी? मी कोणाशी बोलते इथे? आहे कोण बोलायला?"

"या... येऊ द्या... येऊ द्या..." असा आवाज मागून येत होता तो एकाएकी थांबला. शेजारच्या गाडीतल्या काकूंनी 'कुठून आलात?' एवढंच विचारलं होतं, पण बायकोच्या लेखी त्याचं उत्तर लग्नापासून सुरू व्हायचं. आवाज थांबल्याचं सुपरवायझरच्या ध्यानातही आलं नाही. आरशाकडे त्याची नजर नव्हती. बुडबुडा हळूहळू मध्यावर येत होता.

"अजून थोडं," तो पुटपुटला आणि गाडीने पाण्याचा नळ खांबासकट आडवा केला.

कारंजं उडालं. तळाचा मॅनेजर धावत आला आणि त्याने मुख्य व्हॉल्व्ह बंद केला. लगेच न्हाणीघरांची दारं उघडली. कोणी टॉवेलवर, कोणी डोक्याला फेस लावलेलं, सगळा तळ गाडीभोवती गोळा झाला.

"साहेब, गाडीला आरसे असतात," मॅनेजर म्हणाला.

"लेव्हल बघा, काटेकोर आलीय," सुपरवायझर म्हणाला.

"माझी अर्धी दाढी राहिलीय," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

सुपरवायझरच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकोने मात्र पदर खोचला, गाडीतल्या पाण्याच्या टाकीचा नळ सोडला आणि एकेकीच्या डोक्यावर तांब्याने पाणी घालायला सुरुवात केली. प्लंबर येईपर्यंत टाकी रिकामी झाली, बस निघून गेली आणि तिला साऱ्या तळाची नातीगोती पाठ झाली.

संध्याकाळी सुपरवायझरने दार उघडलं. समोर तळंच तळं.

"झालं समाधान?"

"छान आहे," बायको म्हणाली. तिने कप भरला आणि पायात चपला सरकवल्या.

"आता कुठे?"

"संडासांपाशी. तिथे सगळ्या जमल्यात. काकूंच्या सुनेचं अर्धंच ऐकलंय." दोन पावलं जाऊन ती वळली. "आणि अहो, जागा बदलायची नाही हं आता. महिनाभर इथेच राहू. मला फार आवडली."

सुपरवायझर दारात एकटाच बसून तळ्याकडे बघत राहिला. त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.