लंगोट घातलेलं कलिंगड

यंदाच्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक माणूस कलिंगडाला लंगोट घालून फिरवत होता.

फेकत नाहीये. नेरूळमधल्या कुठल्याही माणसाला नाही, पण निदान आमच्या वॉचमनला विचारा. रोज सकाळी कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, चष्मा कपाळावर, आणि छातीशी धरलेलं हिरवंगार कलिंगड. कलिंगडाच्या बुडाला टिचबटणाचा कापडी डायपर. माणूस कंपाउंडला फेऱ्या मारतोय, मधेच थांबून डायपरच्या कडेला बोट लावतोय आणि बोट रुमालाला पुसतोय. वॉचमन विचारायचा, "काका, मुलगा का मुलगी?"

"साडेपाच किलो," असं सांगून काका पुढे.

हे गायकवाड काका. माझ्या समोरच्या दारातले. मूळचे नांदेडकडचे, पण सगळी नोकरी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, माल चेक करायला. रिटायर झाले ते काका, चेकिंग चालूच आहे. लिफ्टचा आवाज, टाकीचं पाणी, शेजारच्यांनी दिलेली पुरणपोळी, सगळ्याला दोनच शिक्के. 'ओके' नाहीतर 'रिजेक्ट'. सोसायटीच्या थर्टी फर्स्टला मी स्टेजवर त्यांची नक्कल केली. पब्लिक लोळत होतं. काका पहिल्या खुर्चीत, चष्मा कपाळावर, मान तिरकी. प्रोग्राम संपल्यावर मला जिन्यात गाठलं.

"आवाज ओके हाय. खोकला रिजेक्ट. मी खोकतो तवा आदी खांदा वर जातो. कर बरं परत."

जिन्यात उभं राहून मी खोकलो. पास होईपर्यंत खोकलो.

तर कलिंगड. काकांना एकच मुलगी, शीतल. राहायला उरणकडे द्रोणागिरीला, ऑफिस आमच्या नेरूळमध्ये. तिला मुलगी झाली, मैत्री. आता शीतलची रजा संपत आलेली आणि घरात चर्चा एकच, मैत्री दिवसभर राहणार कुठे? ऑफिसजवळच्या पाळणाघरात फक्त वापरून फेकायचे डायपर चालतात. शीतलला ते नको होते.

"माझी पोरगी आजी होईल ना पप्पा, तरी तिचा डायपर डम्पिंगला तसाच पडलेला असेल. काय उपयोग?"

"मग माझ्याकडं ठिव की," काका म्हणाले.

मी तेव्हा तिथंच चहा घेत होतो. शीतलने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "पप्पा, मी लहान असताना एकदा तरी माझा लंगोट बदललाय का तुम्ही?"

काकांची कधी सेकंड शिफ्ट, कधी नाइट, वर ओव्हरटाइम. पोरीचं सगळं काकू बघायच्या. काकू जाऊन तीन वर्षं झाली.

"शिकतो," काका म्हणाले. "दोन महिने दे."

"पप्पा, लेकरू आहे ते. मशीन नाही."

"म्हणून तर दोन महिने मागायलोय."

शेवटी ठरलं असं, की रजा संपायच्या आधी एक दिवस ट्रायल. काकांना जमलं तर मैत्री त्यांच्याकडे. नाही जमलं तर नाइलाज, पाळणाघर.

दुसऱ्या दिवशी काकांनी मैत्रीच्या वजनाचं कलिंगड आणलं. पुढं तिचं वजन वाढलं की शीतल फोनवर सांगायची आणि काका मोठं कलिंगड आणायचे. जुनं आम्हा रूमवरच्या पोरांना. "धुतलंय रे!" असं दारातनंच ओरडायचे. गोड असायचं, खोटं कशाला बोलू.

काकांच्या ओट्यावर मग डायपरच डायपर. बांबूच्या धाग्याचे, जाड सुती, आत पट्टी घालायचे, आणि पाकिटावर हिरवं पान छापलेले 'मातीत मिसळणारे'. प्रत्येकात पेला पेला पाणी ओतायचं आणि बघायचं. एकदा मी नळाचंच पाणी ओतलं.

"काय करायलास रे? लेकरू काय फ्रिजातून शू करतं का? कोमट कर!"

हिरव्या पानावर त्यांचा पहिल्यापासून डाऊट. कंपनीला फोन लावला, स्पीकरवर. "वो ठीक हय मॅडम, लेकिन अंदर का जेली मिट्टी में कैसे मिलेगा?"

पलीकडची मुलगी अगदी गोड. "सर, आपका बेबी कितने महीने का है?"

"बेबी नहीं हय. तरबूज हय."

फोन कट.

मग काकांनी तो पानवाला डायपर ओला करून सोसायटीच्या बागेत, जास्वंदीच्या बुडाशी पुरला. वर काडी रोवली. महिन्याभराने कुत्र्याने तो उकरला आणि थेट मीटिंगमध्ये आणून टाकला. आमचे सेक्रेटरी भोईर, इथल्याच गावचे, बिल्डिंग उभी आहे ती जागाही एकेकाळी त्यांच्या शेताची. ते खुर्चीवर चढूनच उभे राहिले.

"ओ गायकवाड! ये काय हाय? लंगोट पेरून झाड येनार हाय काय?"

काका शांतपणे खाली बसले, चष्मा कपाळावर, आणि काडीने डायपर उलगडायला लागले. वरचं कापड विरलेलं. आतली जेली मात्र साबुदाण्यासारखी टपोरी, जशीच्या तशी.

"बगा, बगा. कापड ओके. जेली रिजेक्ट."

"येत्या चतुर्थीला मी साबुदाना खानार नाय," भोईर म्हणाले आणि मीटिंग संपली.

शेवटी पास झाला तो साधा सुती, तीन पदरी. शोषतो, धुता येतो, खाज आणत नाही. काकांनी त्याचा ढीग आणला.

ट्रायलचा रविवार आला. शीतल मैत्रीला घेऊन आली. मला काकांनी मदतीला बोलावलेलं. आम्ही दोघं अंघोळ करून, भांग पाडून उभे, मुलगी बघायला आल्यासारखे. काकांनी रुमालावरून हात फिरवावा तसा लंगोटांवरून हात फिरवला आणि बांधायला घेतला. पण कलिंगड पाय झाडत नाही हो! मैत्रीने सायकल सुरू केली. एक बटण लागलं की दुसरं सुटायचं. काकांच्या कपाळावर घाम, चष्मा घसरून नाकावर. कसाबसा बांधला. पाचच मिनिटांत चटई ओली. दुसरा बांधला, परत चटई ओली. तिसऱ्याला तर धार लंगोटावरून घसरून थेट काकांच्या शर्टावर.

"असं कसं? टेस्टला तर थेंब बाहेर आला नव्हता," काका पुटपुटले. मैत्री आता टाहो फोडून रडत होती.

शीतलने एक लंगोट उचलला. तो तिच्या हातात तसाच ताठ उभा राहिला. भाजलेल्या पापडासारखा.

"पप्पा, ह्याला काय लावलंय?"

"खळ."

"खळ? लंगोटाला?"

"इस्त्री बी केली."

मला हसू फुटलं. शीतलला नाही. ती बापाकडे बघतच राहिली.

"अहो, खळीने कापड पाणी पीत नाही. आणि टोचतं तिला."

काका मान खाली घालून ओल्या शर्टाचं टोक चाचपत होते. "तुझ्या आईनं मला कधी बिनखळीचं घालून घराबाहेर धाडलं न्हाई. कामावर बी न्हाई. मला वाटलं, चांगलं करायचं म्हंजे असंच करतेत." मग थांबून म्हणाले, "पाळणाघर चांगलं बगून घे. लांबचं नको."

शीतल उठली. लंगोटांचा सगळा ढीग उचलून बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडला. आतून ओरडली, "पप्पा, इकडे या. खळ कशी काढायची ते बघून घ्या. सोमवारपासून मला वेळ नाही मिळणार."

काका जागचे हलेनात. मीच त्यांना ढकललं.

पहिल्या सोमवारी संध्याकाळी मी ऑफिसातनं आलो. शीतल मैत्रीला घेऊन गेलेली. गेटमधूनच वर बघितलं, काकांच्या गॅलरीत लंगोटांच्या रांगा. वर गेलो. काका अंधारायला लागलेल्या हॉलमध्ये बसलेले, शर्ट चुरगाळलेला, खांद्यावर दुधाचा डाग.

"कसा गेला दिवस?"

"झोपलीच न्हाई. मला बी बसू दिलं न्हाई," असं म्हणून हसले.

"लंगोट वाळलेत काका. काढून देऊ?" मी गॅलरीत जाऊन दोन चिमटे काढलेसुद्धा.

"राहू दे रे." ते आतूनच म्हणाले. "खालनं दिसतेत का?"

"दिसतात की. गेटपासनं."

"मग राहू दे सकाळपर्यंत. घरात माणसं हायत असं वाटतं."

मी दोन्ही चिमटे परत लावले.