साहेबांच्या पोटातले जंतू

जंतूंच्या बाबतीत अख्ख्या अकोला जिल्ह्यात माझा हात धरणारा माणूस नव्हता! शेतकी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तीन वर्षं हंगामी मदतनीस होतो. तुरीच्या मुळांवर बारीक गाठी असतात ना, त्यांतले जंतू बाटलीत वाढवायचे, हे माझं काम. हे जंतू हवेतलं खत पिकाला फुकट देतात! पेरणीआधी गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळले की झालं. १९६२च्या जूनमध्ये तेल्हाऱ्याला पुंजाजी नावाच्या शेतकऱ्याकडे त्याचं प्रात्यक्षिक ठरलं. अमरावतीहून मोठे साहेब येणार होते. "हे नीट पार पडलं तर तुला कायम करतो," असा त्यांचा शब्द होता. मला दोन दिवस जेवण जाईना!

सकाळीच पुंजाजींच्या घरी पोचलो. गूळ उकळला, गार केला, त्यात सहाही बाटल्या रिकाम्या केल्या आणि पातेलं ओल्या फडक्यानं झाकून माठाजवळ ठेवलं. ऊन लागलं तर जंतू मरतात! मग पुंजाजींबरोबर बियाण्याचं पोतं आणायला गेलो. त्यांच्या बायकोला, सुंदराबाईंना, पातेल्यात काय आहे ते सांगायचं मला सुचलंच नाही.

परत येतो तर दारात जीप! ओसरीवर साहेब पेला तोंडाला लावून बसलेले.

"वा सुंदराबाई! आणखी एक!"

"घ्या ना साहेब! उन्हाचे आले तुमी. पावन्याले गूळपानी तं द्याच लागते. अन् हे आयतंच करून ठेवेल होतं!"

मी पातेल्यात डोकावलो. तळाला दोन घोट! माझी सहा बाटल्यांची मेहनत साहेबांनी चार पेल्यांत संपवली होती.

सांगावं तर नोकरी जाणार, न सांगावं तर प्रयोग. मी पातेल्यावर पुन्हा फडकं टाकलं. तेवढ्यात अंगणात गाव जमलं आणि साहेबांनी भाषण ठोकलं. 'जंतू' म्हणताच पुंजाजी बियाण्याच्या पोत्यावर जाऊन बसले.

"जंतू? माह्या बियान्याले? जंतूनं हगवन लागते म्हून डाक्तर सांगून गेला, अन् तुमी तेच पेरून राहिले? आमी नाई हात लावू देत!"

"अहो, हे चांगले जंतू आहेत!"

"काहून मानावं आमी? तुमी खाऊन पाह्यले का?"

लोक उठू लागले. माझी तीन वर्षं त्यांच्याबरोबर उठून चालली होती! मला राहवलं नाही.

"खाल्ले नाहीत, प्यायले!" मी ओरडलो. "साहेबांनी आत्ताच चार पेले प्यायले! झालं का काही?"

सुंदराबाईंनी तोंडाला पदर लावला. साहेबांनी पेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा तुरीच्या डाळीसारखा पिवळा! मग त्यांनी मोठ्ठी ढेकर दिली. पुढची रांग दोन पावलं मागे सरकली.

काहीच झालं नाही. साहेब सावकाश उभे राहिले.

"हो! मुद्दाम प्यायलो! शेतकऱ्यांसाठी!"

"वा रे साहेब!" पुंजाजी पोत्यावरून उठले. "घ्या बियानं! लावा!"

"आमाले बी द्या!" सगळं गाव ओरडू लागलं. पण देणार काय? मी तळाचे दोन घोट मूठभर तुरीला चोळले आणि बाकीच्यांना पुढच्या आठवड्याचा वायदा केला.

साहेबांनी शब्द पाळला. पंधरा दिवसांत मी कायम झालो! पण तेल्हाऱ्याची बातमी गावोगाव पसरली होती. आता कुठंही गेलं की लोक पोत्यावर बसूनच सांगतात, "आंदी साहेबाले प्या लागते, मंग बियानं काढू!" आणि नेमकी त्याच दिवशी साहेबांची अमरावतीत मीटिंग निघते. मग कायम झालेला माणूस पितो! उद्या अकोट. या हंगामातलं अकरावं गाव. जंतूंचं काही नाही हो, मला गूळच सोसत नाही!