बनावट लग्नपत्रिका आणि तलावाचे पाणी यांची हकीकत

श्रीगजाननाचे स्मरण करून, सरस्वतीस दंडवत घालून, आणि ज्याने आजवर आपला पासवर्ड कोणासही सांगितला नाही असा सत्पुरुष कोठे असल्यास त्यासही हात जोडून लिहितो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मास, लग्नसराई ऐन भरात, ते समयी एका राज्यात जे वर्तमान जाहले ते येणेप्रमाणे. राज्य नांदते, महाराज प्रसन्न, तोफा गंजलेल्या. कारण शत्रू आता खिंडीतून येत नसे, मोबाइलातून येत असे. मग थोरल्या पंडितांनी यंत्रांभोवती तट बांधिले, बुरूज चढविले, आणि शत्रू पुढच्या दाराने नमस्कार करीत आत आला. मग धाकट्या पंडितांनी शोध लाविला की तट बळकट, माणूस तेवढा कच्चा. आणि त्यांनी प्रजेस जमवून व्याख्याने दिली, त्यांत प्रजा गाढ झोपली. मग माणसाच्या स्वभावाचाच अभ्यास व्हावा म्हणून महाराजांनी रेणुकाबाई सबनीस यांस मनपारखीची वस्त्रे दिली. बाई जिभेने तिखट, मनाने मऊ. त्यांनी कचेऱ्या हिंडून, जागोजागी चहा पिऊन, लोकांस बोलते केले आणि हुजुरास अर्ज केला की, "महाराज, चूक सगळ्यांचीच होते. चुकल्याबरोबर सांगितले तर निभावते. धाक घातला की माणूस लपवतो, आणि शत्रूला तेवढेच हवे असते."

हे ऐकून दिवाण रंगोपंत फिस्कारले. "बाई, लाड पुरे! जो खोटा निरोप उघडील त्याची गाढवावरून धिंड!" आणि देवडीवर खरेच एक गाढव आणून बांधिले व त्यास हिरवा चारा सुरू केला. त्या दिवसापासून चुकीची एकही वर्दी येईना. दिवाणजी मिशांस पीळ देऊन म्हणत, "पाहा, राज्य सुधारले." बाईंस ही शांतता काही रुचेना, परंतु त्यांचे ऐकतो कोण? आणि शत्रू मोठा कावेबाज. त्याने या राज्याचा स्वभाव बाईंहून नेमका ओळखिला आणि घरोघरच्या मोबाइलात एक लग्नपत्रिका धाडिली की, "आपले नाव पत्रिकेत छापिले आहे, उघडून पाहून घ्यावे, चूकभूल कळवावी." लग्न कोणाचे, हे कोणी पाहिले नाही. आपले नाव निमंत्रकांत की नुसते व्यवस्थापकांत, थोरल्या भावाच्या वर की खाली, आणि ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्या मेल्याचे नाव आपल्या आधी तर नाही ना, एवढ्यासाठी अवघ्या राज्याने पत्रिका उघडिली. खुद्द रेणुकाबाईंनीही उघडिली, जाऊबाईंचे नाव कोठे आहे ते पाहावयास. उघडिली तो आत नुसता पांढरा पडदा. बाईंनी ओळखिले की आपणही फसलो. जाऊन सांगावे, तर देवडीवर गाढव, आणि सांगितले तर मनपारखीण म्हणून उद्या तोंड कोठे दाखवावे? मग ज्या बाईने दरबारास ज्ञान शिकविले तीच मोबाइल पदराआड करून गप्प बसली, आणि लाजेने तिला जेवण गोड लागेना.

दुसरे दिवशी दरबार भरला असता तलावावरचा हवालदार धापा टाकीत आला. "सरकार, घात झाला! दरवाजे आपोआप उघडलेत, पाणी चाललंय वाहून, आणि यंत्र आमचं काही ऐकंना!" वैशाखाचे ऊन, पाऊस अजून लांब, आणि तलावात होते ते पाणी मोजूनमापून वापरायचे. यंत्रकार म्हणाले, "शत्रू कोणा एकाच्या यंत्रातून शिरलाय. कोणाच्या ते कळलं तर तेवढं तोडून दरवाजे आत्ता लावू. एकेक तपासत बसलो तर संध्याकाळी तळ दिसेल." दिवाणजी गरजले, "पत्रिका कोणी उघडली? पुढे व्हा!" अवघा दरबार आपापल्या पायांचे अंगठे पाहू लागला. बाईंचे माहेर खालच्या पेठेत, जेथे नळ सर्वांच्या शेवटी येतो; तेथली रिकाम्या हंड्या-कळशांची रांग त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली आणि त्यांच्याने राहवेना. मग त्या उठल्या. "दिवाणजी, गाढव सोडा. मी उघडली. माझ्या यंत्रापासून सुरुवात करा." आणि नऊवारीचा काष्टा आवरून त्या खरोखरच गाढवावर बसल्या. मागच्या रांगेत कोणी खुसखुसले, परंतु हसू पुरते फुटण्यापूर्वीच महाराज सिंहासनावरून उतरले आणि म्हणाले, "बाई, जरा सरकून बसा. आम्हीही उघडली. आमचं नाव आशीर्वादात घातलंय की नाही, तेवढंच पाहत होतो."

मग काय विचारता! सेनापती म्हणाले मी, पुरोहित म्हणाले मी, मुदपाकखान्यातून आचारी पळीसकट धावत आला, म्हणे मीसुद्धा. आणि देवडीपर्यंत रांग लागली, आणि ते गाढव बिचारे भांबावून एकेकाचे तोंड पाहू लागले. सर्वांमागून रंगोपंत आले. घामाने अंगरखा भिजलेला. "बाई, माझंच," ते म्हणाले. "तलावाची किल्ली माझ्याच यंत्रात. कालच उघडली मी. पण हुकूम माझा, गाढव माझं... सांगू कुठल्या तोंडानं?" यंत्रकारांनी तत्काळ ते यंत्र तोडिले आणि दरवाजे लागले. दरबार दिवाणजींस आता बाई काय बोलतात ते ऐकावयास कान टवकारून उभा. बाई गाढवावरून उतरल्या, त्यांनी माठातले पाणी तांब्यात घेतले आणि म्हणाल्या, "पंत, आधी घोटभर घ्या. मीही रात्रभर अशीच बसले होते." पंतांनी पाणी घेतले, आणि त्यांचे डोळे भरून आले, ते सर्वांनी पाहिले व कोणी हसले नाही.

एकूण मतलब असा की, इतके होऊनही राज्य काही शहाणे जाहले नाही. पत्रिका येतात, लोक आपले नाव शोधितात, आणि फसतात. परंतु फसलेला आता तेथूनच ओरडतो, "अहो, मी उघडली!" आणि चार माणसे हसत हसत मदतीस धावतात, त्यांत रंगोपंत सर्वांपुढे. ज्येष्ठात नळ दिवसाआड आला, परंतु आला. खालच्या पेठेतही आला, आणि हे लिहिणाऱ्याने तेथले पाणी स्वतः पिऊन मग लेखणी ठेविली.