हळू बोलणारा मुंगूस

एका जंगलात एक प्रश्न होता. त्याचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं.

प्रश्न साधा होता. परक्या देशात आपली छाती कफाने भरली, तर हाक कुणाला मारायची?

मुलांनो, मांडी घालून बसा. तुमच्यातल्या काहींचे पासपोर्ट आलेत, काहींच्या नव्या बॅगा आल्यात, मला ठाऊक आहे. तरी बसा. गोष्ट ऐकायला वय लागत नाही, मांडी लागते.

हा प्रश्न विचारला होता बारक्या मुंगसाने. बारक्या फार शिकलेला नव्हता. वडाखालच्या शाळेत, दुसऱ्या इयत्तेत, त्याने गुरुजींच्या शेपटीला चावा घेतला. गुरुजी माकड होते. फांदीवर बसून पाढे म्हणत होते आणि शेपटी बारक्याच्या नाकासमोर डुलत होती. त्याला वाटलं, साप! विचारबिचार करण्याची त्याला सवय नव्हती. त्या दिवशी शाळा सुटली ती कायमचीच.

त्याचा थोरला भाऊ यशोधन मात्र हुशार. त्याला समुद्रापलीकडे, बर्फाच्या देशात, 'बिळांचे व्यवस्थापन' या विषयाला प्रवेश मिळाला. आता मुंगसाच्या पोराने बीळ कसं सांभाळायचं हे समुद्र ओलांडून शिकायचं, यावर कुणीतरी हसायला हवं होतं. पण कुणी हसलं नाही. तिकडच्या बिळांत हीटर असतो हे कळल्यावर तर नाहीच नाही.

मुंगसांच्या घरात एक रीत असते. पिल्लाचे डोळे उघडले, की त्याला सगळ्यांत आधी हाक शिकवतात. चिर्रर्र-चिक! अशी ती हाक. ती ज्याच्या कानावर पडेल त्याने हातातलं टाकून धावायचं. आधी धावायचं. काय झालं ते पोचल्यावर विचारायचं.

यशोधनची छाती लहानपणापासून नाजूक. हवेत गारवा आला की घरघर सुरू. तो हाक मारायचा. बारक्या अडुळशाची पुडी तोंडात धरून धावायचा आणि मागून आई मध घेऊन यायची. पुडी चाटवायची, पाठ चोळायची, की दादा मोकळा. मग बारक्याला टपली मारून म्हणायचा, "किती उशीर रे! मेलो असतो ना."

बारक्या हसायचा.

तर प्रवेश मिळाला, आता तयारी. जंगलात तयारी म्हणजे धनेश सर. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच असते. त्यामुळे तो जन्मापासून पदवीदान समारंभातून नुकताच आल्यासारखा दिसतो. सर स्वतः कधी नदीपलीकडेही गेले नव्हते. पण बसायचे नदीकडे तोंड करून. त्यांच्या वर्गाचं नाव होतं 'परदेशी चला'.

सर काट्याचमच्याने बेडूक खायला शिकवत. हवेविषयी अर्धा तास कसं बोलावं ते शिकवत. आणि प्रत्येक तासाच्या शेवटी एक वाक्य सगळ्यांकडून म्हणून घेत.

"तिकडे कसं बोलायचं?"

"हळू बोलायचं, सर!" सगळी पोरं ओरडायची.

"ओरडू नका. आरडाओरडा केला तर तिकडे आपल्याला जंगली समजतात. कुणी 'कसे आहात' म्हणालं, तर 'मस्त' म्हणायचं आणि पुढे चालायचं. ते काही खरंच विचारत नसतात."

त्या दिवशी बारक्या दादाचा डबा द्यायला आला होता. तो दारातूनच म्हणाला, "आणि मस्त नसलो तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे आमच्या दादाची छाती भरली, तर त्याने तिकडे हाक कुणाला मारायची?"

धनेश सरांनी दोन्ही चोची वर केल्या. "उत्तम प्रश्न," ते म्हणाले. "पुढचा प्रश्न?"

पुढचा प्रश्न एका सशाचा होता. कोट घातल्यावर शेपूट आत ठेवायचं की बाहेर? त्यावर सर जेवणाची सुट्टी होईपर्यंत बोलले.

बारक्याने घरी येऊन आईला विचारलं. आई म्हणाली, "निघायच्या वेळी असलं अभद्र बोलू नये." शेजारच्या घोरपडमावशीला विचारलं. मावशी म्हणाली, "तुला रे कशाला नसत्या चौकशा? तुला कोण नेतंय तिकडे?" शेवटी दादालाच विचारलं.

दादा पुस्तकातून मान वर न करता म्हणाला, "तुला मारीन हाक. आणखी कुणाला?"

"इथवर ऐकू येईल?"

"तू झोपेत नसलास तर येईल."

मुलांनो, हे काही उत्तर नव्हे, हे तुम्हालाही कळतं. बारक्याला कळलं नाही. तो त्या दिवसापासून कान टवकारून झोपायला लागला.

निघायचा दिवस आला. बीळ माणसांनी, म्हणजे जनावरांनी, भरलं. बॅग मधोमध उघडी पडली होती आणि जो येईल तो तिच्यात काहीतरी टाकत होता. आईने मेतकूट टाकलं. मामाने तवा टाकला. घोरपडमावशी तर भलं मोठं पुडकं घेऊन आली.

"आमचा अवधूत असतो ना तिकडे, त्याच्यासाठी चकल्या. तुला वाटेवरच पडेल."

"मावशी, तो वेगळ्या शहरात राहतो," यशोधन म्हणाला.

"देश तोच ना?"

पुडकं काही बसेना. बॅगेत आधीच एक पिशवी होती. तिच्यात अडुळशाच्या पुड्या, हिवाळाभर पुरतील एवढ्या, बारक्याने स्वतः कुटून बांधलेल्या. मावशीने ती उचलून बाजूला ठेवली.

"ए मावशी! दादाचं औषध आहे ते!"

"औषधं काय, तिकडे ढिगाने मिळतात. चकल्या मिळतात का?"

या प्रश्नाचं उत्तर मात्र सगळ्यांकडे होतं. "छे, चकल्या कुठल्या!" सगळे एका सुरात म्हणाले.

बारक्याने पिशवी परत आत कोंबली. तेवढ्यात निरोप द्यायला आलेले धनेश सर म्हणाले, "हिरवी पूड? विमानतळावर पहिल्यांदा हीच उघडतील. त्याला वैद्यांची चिठ्ठी लागते. आहे का?"

"मग घेऊन येतो ना!" बारक्या दाराकडे पळाला.

"आता कुठे?" आई म्हणाली. "दही आणलंय, मुहूर्त टळेल."

मुहूर्त टळला नाही. पिशवी टळली. बॅगेची चेन लागेना, तेव्हा सगळे म्हणाले, "बारक्या, बस रे वर!" बारक्या बॅगेवर चढला आणि त्याने धपाधप उड्या मारल्या. चेन लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दादानेही वाजवल्या. शिक्षण नसलं तरी पोरगं उपयोगी आहे, असं त्या दिवशी पहिल्यांदाच कुणीतरी म्हणालं.

दादा गेला. फोन येऊ लागले. दादा फोनवर बर्फ दाखवायचा, हीटर दाखवायचा. आईने विचारलं की म्हणायचा, "मस्त!" आईला घोरपडमावशीने बजावलं होतं, पोराला इकडची दुखणी सांगायची नाहीत. म्हणून आईही म्हणायची, "आम्हीपण मस्त!" असे दोन्हीकडचे मस्त लोक खूप वेळ बोलायचे.

एकदा बारक्याने फोन ओढून घेतला. "दादा, तू घरघरतोयस."

"नेटवर्क आहे रे."

"नेटवर्कला कफ होतो?"

दादा हसला. हसताना खोकला. मग म्हणाला, "अरे, इथे डॉक्टरची वेळ मिळायलाच दिवस लागतात. मिळाली की जातो. आईला सांगू नकोस."

"शेजारी कोण आहे? त्याला सांग ना."

"कुणाला असा त्रास देतात का? बरं दिसत नाही ते."

बारक्याने आईला सांगितलं. आईने धनेश सरांना विचारलं. सर म्हणाले, "पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांनाच होतं."

मग एके दिवशी फोन आला, पण दादाचा नव्हता. दादाच्या भिंतीपलीकडे राहणाऱ्या पांढऱ्या कोल्हिणीचा होता. ती रडत होती. ती तिकडच्या दवाखान्यात नर्स होती.

"भिंत अगदी पातळ आहे हो," ती म्हणाली. "नुसतं ठोठावलं असतं तरी मी धावले असते. पण इतका शांत शेजारी... त्याचा आवाजच कधी आला नाही."

मुलांनो, या ठिकाणी गोष्ट सांगणारे थोडं थांबतात. आपण थांबायचं नाही. थांबलं की त्रास होतो.

शोकसभा झाली. धनेश सर गहिवरून बोलले. "आपला यशोधन गेला. पण जाताना आपल्या जंगलाचं नाव राखून गेला. 'इतका शांत शेजारी', हे उद्गार तिथल्या रहिवाशाचे आहेत!" काही जणांनी टाळ्या वाजवल्या आणि शोकसभा असल्याचं आठवून थांबवल्या. दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेरच्या फलकावर यशोधनचा कोटातला फोटो लागला. खाली लिहिलं होतं, 'आमचे आदर्श विद्यार्थी'.

काही दिवसांनी बॅग परत आली. आईला ती उघडवेना. बारक्याने उघडली. मेतकूट संपलं होतं. तवा काळा झाला होता. चकल्यांचं पुडकं तसंच होतं, गाठही सुटली नव्हती. दुसऱ्याची वस्तू दादा कशाला फोडेल?

बारक्या पुडकं घेऊन घोरपडमावशीच्या दारात गेला. तिला खूप काही सुनावायचं, असं ठरवून गेला होता. मावशीने पुडकं पाहिलं. ते छातीशी धरून ती उंबऱ्यातच बसली. बारक्याचं सुनावायचं राहून गेलं.

तिथून तो घरी जाणार होता. पण वाटेत 'परदेशी चला' लागलं. आत नवी पोरं बसली होती, कोरे कोट घालून.

"तिकडे कसं बोलायचं?" सर विचारत होते.

"हळू बोलायचं, सर," पोरं अगदी हळू म्हणाली. ही तुकडी फारच तयारीची होती.

बारक्या आत घुसला. विचारबिचार केला नाही. टेबलावर चढला.

"खाली उतर," सर म्हणाले. "तुझं काय काम आहे इथे?"

"माझं नाही. दादाचं आहे."

त्याने छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला आणि हाक मारली.

चिर्रर्र-चिक!

ती हाक वर्गातून बाहेर पडली, फलकावरून गेली, नदीवर गेली. सर दचकून खिडकीत जाऊन बसले. कोट घातलेली पोरं एकमेकांकडे पाहू लागली. मग एक पोरगं उठलं आणि धावत टेबलापाशी आलं. मग दुसरं. कुठे धावायचं हे न कळलेला ससा नुसताच गोल धावला.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आई होती. तोंडात अडुळशाची पुडी होती, पाय मातीने भरले होते, तिला धाप लागली होती. मागे घोरपडमावशी होती. जन्मात कधी न धावलेली घोरपडमावशी.

"काय झालं?" आईने पुडी हातात घेऊन विचारलं. "कुणी मारली हाक?"

बारक्या टेबलावरून उतरला. आईच्या हातातली पुडी त्याने आपल्या हातात घेतली.

"दादाची मारायची राहिली होती," तो म्हणाला. "ती मारली."

तात्पर्य : परदेशी जाताना चकल्या नीट बांधून घ्याव्यात आणि तिकडे फार हळू बोलावं. शेजाऱ्यांची झोप मोडता कामा नये.